कोकणात जायचं तर रेल्वेनेच, विमानाचं कौतुक पुरे!

मांडवीप्रेमी :
अठरा वर्षं महिन्यातून दोनदा डोंबिवली-कुडाळ करतोय. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली, तेव्हा हौसेने सहा-सात वेळा तसाही गेलो. हवेत सव्वा तास, कबूल. पण विमानतळ गाठायला दीड तास, तिथे दोन तास आधी हजर, मोपाहून कुडाळला टॅक्सीने आणखी तासभर. अख्खा दिवस मोडतो. कोकणकन्या एक्स्प्रेसला रात्री ठाण्यात चढा, झोपा, सकाळी कुडाळ. रजा वाचते.

आणि मांडवी एक्स्प्रेसने दिवसा गेलात तर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की डब्यातली बडबड थांबते, खिडकीतून गार ओलसर वारा आत येतो. पलीकडे उजेड दिसला की कुणीतरी म्हणतंच, "रत्नागिरी इली!" आणि वरच्या बर्थवरच्या पिशव्या खाली यायला लागतात. हे विमानात कुठून आणणार?

सावंतवाडीची लेक :
दादा, हा हिशेब धडधाकट माणसाचा झाला. माझ्या बाबांचे गुडघे गेलेत. विमानतळावर दारापासून सीटपर्यंत व्हीलचेअर मिळाली. गेल्या वर्षी गाडीने नेलं, तर दोन मिनिटांचा थांबा, फलाट खाली, डबा उंच. दोन अनोळखी पोरांनी त्यांना उचलून उतरवलं. बाबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. गणपतीच्या तिकिटांचं तर बोलूच नका, साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला बसले तरी हाती वेटिंगच.

एकेरी रूळ :
तिकीट मिळत नाही म्हणून गाड्या वाढवा म्हणणं सोपं आहे. पण रोहा ते वीर हे ४७ किलोमीटर २०२१ मध्ये दुहेरी झाले, त्यापुढे बहुतेक मार्ग एकेरीच. समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला थांबणं आलंच. पावसाळ्यात दरडीच्या भीतीने वेग कमी करतात, तो करायलाच हवा. आधी दुसरा रूळ मागा, विमान की रेल्वे ते नंतर.

मांडवीप्रेमी :
एकेरी रूळ, सोळा आणे पटलं. ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण यावर उपाय फलाट उंच करण्याचा. मोपा तुम्हाला जवळ आहे, राजापूर-वैभववाडीच्या म्हाताऱ्यांनी कुठे जायचं? त्यांच्यासाठी गाडीच आहे.

सावंतवाडीची लेक :
फलाटासाठी अर्ज करा, पहिली सही माझी. पण बाबा ऐंशीचे आहेत, दादा. मे महिन्याचं त्यांचं विमानाचं तिकीट काढलंय.