रिंजानीच्या शेवटच्या चढासाठी नागपुरात तयारी कशी करावी?

प्रतापनगरकर:
ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरच्या रिंजानी ज्वालामुखीवर (३,७२६ मीटर) जायचं ठरतंय. सेंबालुन गावाच्या बाजूने, दोन मुक्काम. दर रविवारी रामटेकच्या पायऱ्या चढणं सुरू आहे. तेवढं पुरेल का? शिखराखालच्या राखेची सगळेच धास्ती घालतात. बूट, पाणी यांचंही सांगा.

महालकर:
दादा, पायऱ्यांनी दम वाढतो, पण तिथे पायाखालची जमीनच सरकते. विवराच्या कडेवरचा मुक्काम २,६३९ मीटरवर, म्हणजे शिखर तिथून जवळपास १,१०० मीटर वर. शेवटच्या टप्प्यात दोन पावलं चढलं की एक खाली येतं. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो थिजलेला लाव्हा. रिंजानीवर उडून पडलेली राख नि खडी आहे, एकमेकांना न चिकटलेली. म्हणून कन्हानच्या कोरड्या वाळूत पाठीवर ६-७ किलो घेऊन चाला. पाऊल छोटं. बुटाचं टोक रुतवा, खडी बसू द्या, मगच भार टाका. पुढच्याच्या खळग्यात पाय ठेवला तर निम्मी मेहनत वाचते. उतरताना आधी टाच, गुडघे किंचित वाकवून. मांड्या खऱ्या थकतात त्या उतारालाच, तेव्हा रामटेकहून उतरतानाही सावकाश उतरा.

मानेवाडा_ताई:
बूट घोट्यापर्यंतचे, पुढे बोटभर जागा असलेले. नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) हवेतच, नाहीतर दर दहा मिनिटांनी बुटातली खडी झाडत बसावं लागतं. काठ्या दोन. धुळीसाठी नाकावर बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल). शिखरापुरतं दीड-दोन लिटर पाणी. सूर्योदय गाठायला रात्री दोनच्या सुमारास निघतात, त्यामुळे वर थंडी नि वारा दोन्ही झोंबतात. सुती बनियन अजिबात नको, घामाने भिजलं की वाळत नाही. वाऱ्याचं जाकीट, हातमोजे घ्या. हेडलॅम्पचे जादा सेल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ते लवकर उतरतात.

प्रतापनगरकर:
आभारी आहे, ताई. उंचीचा त्रास होतो का?

महालकर:
होऊ शकतो. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर वर जाऊ नका, खाली या. ऑगस्ट कोरडा असतो, ते बरं. परवाना आधी काढून ठेवा, आणि निघण्यापूर्वी ज्वालामुखीचा इशारा बघाच. विवरातला बारुजारी हा छोटा ज्वालामुखी २०१५ आणि २०१६ मध्ये उसळला होता.