'आमचं'चं 'माझं' कधी झालं? नाशिककरांनो, अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात घरातलं विरजण संपलं. गंगापूर रोडच्या या इमारतीत आम्ही चौदा वर्षं राहतो, पण समोरची बेल वाजवायला हात धजेना. मुकाट्याने ॲपवरून दही मागवलं. आणणाऱ्या पोराने नेमकी समोरच्यांचीच बेल वाजवली! काकू पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, विरजणासाठी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्याकडे हे कधी सुरू झालं? उपदेश नको, घडलेलं लिहा.

वाड्यातली
सराफ बाजारामागचा आमचा वाडा, अकरा बिऱ्हाडं, एक नळ. आता सगळे त्याच्या आठवणी काढून उसासे टाकतात. मला आठवतं ते असं : कॉलेजातून यायला वीस मिनिटं उशीर झाला की ओट्यावरच्या चार जणी आईच्या आधी विचारायच्या. पत्र आलं की माझ्याआधी वाड्याला कळायचं. बत्तिसाव्या वर्षी इंदिरानगरला स्वतःची खोली मिळाली. पहिल्या रात्री मी आतून कडी लावली, काढली, परत लावली. उगाच.
रंगपंचमीला मात्र जुन्या नाशकात जातेच. वर्षभर रस्त्याखाली बुजवलेली पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाचा मोठा हौद, उघडतात, पूजा होते आणि मग लोक त्यात उडी घेतात, म्हणजे धप्पा मारतात. त्या रंगाच्या पाण्यात कोण कुणाचा, काही कळत नाही. एक दिवस पुरतं तेवढं.

निफाडवाला
आमची विहीर सामाईक. चार भावांच्या पाळ्या ठरलेल्या, मोटारीच्या पेटीवर खडूने वार लिहिलेले. आजोबा होते तोवर ते खडूचं लिहिलेलं कुणी पुसलं नाही. नंतर द्राक्षांच्या एका एप्रिलच्या छाटणीत थोरल्या काकांनी पाळी मोडली, बाचाबाची झाली आणि दोन वर्षांत बांधावर चार बोअर उभे राहिले. पाणी खाली गेलं ते चौघांचंही. सावडही गेली. कांदालागवडीला पूर्वी आज तुमच्यात, उद्या आमच्यात असं चालायचं. आता पेठ-सुरगाण्याच्या टोळीला एकराने उक्तं देतो. खोटं कशाला बोलू, काम लवकर उरकतं आणि कुणाची मनधरणी करावी लागत नाही.
पण खरी गंमत पुढे आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला. आत्याने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला, तर गाव म्हणालं, "भारीच स्वार्थी निघाली." चार भावांनी चार बोअर घेतले, चार चुली केल्या, तेव्हा हा शब्द कुणाला सुचला नव्हता.

देवळालीकर
वरच्या आत्यांना माझा जयभीम. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात आमचे पणजोबा होते. गावाच्या 'आपल्या'त ते कधी धरलेच नव्हते. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं, की मसुद्याने गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद वाटतो. व्यक्तिवाद वाढला म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी आपण त्या 'आम्ही'त कुठल्या ओट्यावर बसत होतो ते सांगावं.

एकटा, पाथर्डी फाटा
सहा घरं बघितली. सहाही ठिकाणी एकच प्रश्न : "फॅमिली आहे ना?" एकट्याने राहायचं युग आलं म्हणे. भाडेकरारापर्यंत अजून पोचलेलं नाही.

पंचवटीची सून
आमच्याकडे उलटंच झालं. सासूबाई 71 व्या वर्षी म्हणाल्या, "मला वेगळं राहायचंय." मी तीन दिवस रडले. लोक काय म्हणतील, हे आधी. मी कुठे कमी पडले, हे नंतर. दोन गल्ल्या सोडून त्यांनी एक खोली घेतली. सकाळी रामकुंडावर जाऊन येतात, मनात आलं तर दुपारी चारला पोहे करतात, नाहीतर जेवतच नाहीत.
पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहुणी म्हणून गेले. चहा दिला, त्यात आलं नव्हतं. मी विचारलं. म्हणाल्या, "मला मुळात आवडतच नाही गं. तुम्ही सगळे पीत होतात म्हणून तीस वर्षं प्यायले."
आता रविवारी त्या आल्या की मी चहाची दोन भांडी चढवते.