वेठ, बिगार की वेठबिगार?

दवणा : इंग्रज अमदानीतल्या आठवणींचा अनुवाद करतेय. साहेबाचा मुक्काम हलला की सामान पुढच्या गावापर्यंत वाहायला गावातली माणसं धरून नेत. मी 'वेठीस धरून नेत' लिहिलं. संपादकांनी 'वेठबिगार म्हणून नेत' केलं. पण वेठबिगार म्हटलं की कर्जापायी राबणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे कर्जाचा संबंधच नाही.

बोरू : 'वेठ'च ठेवा. संस्कृत 'विष्टि'वरून आलेला शब्द, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. वेठ घ्यायची ती राजसत्तेने. त्याला फारसी 'बिगार' जोडायची गरजच नाही.

मुसाफिर : असे जोडशब्द मराठीत मुरलेत. बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत. त्यातलं काय काय तोडणार? आणि वेठ फक्त राजसत्तेची कशी? १९४५ साली तलासरी-उंबरगावकडचे वारली उठले ते जमीनदारांच्या वेठीविरुद्ध. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत. वेठ आणि कर्ज तिथे एकाच दावणीला होते.

तळटीप : घोळ कायद्याच्या मराठीमुळे वाढला. घटनेच्या कलम २३ मध्ये इंग्रजीतही 'बेगार' हाच शब्द आहे. १९७६ चा कायदा कर्जापायी बांधलेल्या मजुरांसाठी, पण मराठीत तेही वेठबिगारच. पुढे १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हेही सक्तीचंच काम. म्हणजे वेठीचं काम 'फुकट'च असायला हवं ही अटसुद्धा गेली.

बोरू : कायद्याने भाषा ठरत नाही. संप झाला की बातम्यांत 'प्रवाशांना वेठीस धरलं' येतं, त्याचा मला संताप येतो. प्रवाशांकडून कोणी काम करून घेतलं? ज्यांच्या डोक्यावर खरोखर ओझी दिली गेली, त्यांचा शब्द आहे तो.

मुसाफिर : अर्थ सरकतोच. बांधकामावरचा बिगारी बघा. मिस्त्रीच्या हाताखाली घमेली उचलतो, संध्याकाळी रोजाचे पैसे घेऊन जातो. ना सक्ती, ना फुकट.

सुपारी : पूर्वी पहिलीच्या आधी 'बिगरी' असायची, तीही यातलीच ना? आजोबा म्हणायचे, मास्तर त्या पोरांकडून वर्ग झाडून घ्यायचे, म्हणून बिगरी.

बोरू : वर्ग तर मोठी मुलंही झाडत. त्यांना का नाही म्हणत बिगरी?

सुपारी : आमच्याकडे 'बिगारी' असाच उच्चार होता, काना देऊन.

दवणा : आमच्या आजीच्या तोंडी मात्र 'बिगरी'. पण माझं वाक्य उद्या छपाईला जातंय हो!

मुसाफिर : काना नंतर चिकटला असेल. कोकणात काय म्हणायचे?