शुबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा (डी. 960): पहिल्या भागातला तो तळाचा ट्रिल

खर्ज
मी पेटीवर साथ करतो, पियानो शिकलेलो नाही. सध्या संगीतकार शुबर्टच्या या सोनाट्यानं, म्हणजे पियानोसाठीच्या चार भागांच्या रचनेनं, झपाटलंय. पियानोवादक ब्रेंडेल पहिला भाग पंधराएक मिनिटांत संपवतो, तर दुसरा पियानोवादक रिश्टर, त्याच्या 1972 च्या ध्वनिमुद्रणात तो 24 मिनिटांपर्यंत जातो. नुसत्या लयीनं इतका फरक पडतो का? आणि सुरावट पहिल्यांदा थांबते तिथे तळात जे घुमतं, ते काय आहे? बरेच जण त्याला मृत्यूची चाहूल म्हणतात.

मध्यलय
पेटीच्याच भाषेत सांगते. काळी पाचला सा धरा. आठव्या बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक खण) डावा हात अगदी तळाच्या काळी तीन आणि काळी चारवर ट्रिल घेतो, म्हणजे शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून वाजवतो, इथे कोमल धैवत-निषाद. खूण पियानिसिमोची, म्हणजे अगदी हळू आवाजाची. लगेच विराम. विसाव्या बारपासून सा-च काळी तीनवर सरकतो आणि तीच धून जी फ्लॅट मेजरमध्ये येते. पुढची मुख्य धून एफ शार्प मायनरमध्ये: कागदावर नाव वेगळं, पट्टी तीच. सगळ्या भागाचं बी त्या एका ट्रिलमध्ये पेरलंय, म्हणून त्याला नुसती चाहूल म्हणणं मला फार अपुरं वाटतं.

माझ्या अपराइट (उभ्या) पियानोवर तो ट्रिल सूर लांबवणारं पेडल पूर्ण दाबून घेतला की नुसता गढूळ होतो. पेडल अर्धं उचलते आणि ट्रिल सावकाश सुरू करते, तेव्हा कुठे दोन सूर वेगळे ऐकू येतात.

आता मिनिटांचं. रिश्टरची लय अतिसंथ आहेच, पण मोठा फरक पुनरावृत्तीचा. पहिला खंड परत वाजवायचा असेल तर आधी नऊ बार येतात, जे पुनरावृत्ती गाळली की ऐकायलाच मिळत नाहीत. अख्ख्या भागात तो ट्रिल एकदाच गरजतो, तो तिथे. ब्रेंडेलला तो उद्रेक परका वाटायचा, म्हणून तो ते गाळायचा. मी गाळत नाही. ती गर्जना ऐकल्यावर आठव्या बारमधला ट्रिल परत येतो, तेव्हा हळू असूनही अंगावर येतो.

दिवेलागण
चाहुलीबद्दल थोडं. हस्तलिखितावर 26 सप्टेंबर 1828 ही तारीख आहे आणि शुबर्ट गेला 19 नोव्हेंबरला, वयाच्या 31 व्या वर्षी. तो आजारी होता हे खरं. पण ऑक्टोबरमध्ये तो भाऊ फर्डिनांडबरोबर आयझेनश्टाटला संगीतकार हायडनच्या समाधीपर्यंत पायी गेला, आणि 4 नोव्हेंबरला झिमोन झेश्टरकडे काउंटरपॉइंटचा (एकाच वेळी अनेक धुना गुंफण्याच्या तंत्राचा) पहिला धडा घेतला. निरोप घ्यायला बसलेला माणूस नवी शिकवणी लावत नाही. सोनाटा छापला गेला थेट 1839 मध्ये. शुबर्टला तो संगीतकार हुमेलला अर्पण करायचा होता, पण तोवर हुमेलही गेला होता. प्रकाशक डियाबेल्लीनं तो संगीतकार शूमानला अर्पण केला.

खर्ज
दोघांचेही मनापासून आभार. काळी पाचला सा धरून आज पुन्हा ऐकलं आणि धैवत लख्ख कळला. पुढच्या भागांत काय शोधू?

मध्यलय
शेवटच्या भागात पुन्हा पुन्हा नुसता जी येतो, दोन सप्तकांत एकदम. पांढरी पाच, म्हणजे तुमच्या सा-चा शुद्ध धैवत. अखेरीस तो जी फ्लॅटवर आणि मग एफवर उतरतो: शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. मग प्रेस्टो, म्हणजे अतिद्रुत लय. तिसरा भाग, स्केर्झो, हलका आहे, तो आपोआप आवडेल.

दुसरा भाग मात्र व्हिडिओ लावून बघा. सी शार्प मायनर, म्हणजे सा आता काळी एकवर. डावा हात तळाचा सा देतो, उजव्या हातावरून उडी घेऊन वरचे सा लावतो आणि परत खाली येतो, आणि मधली धून उजवा हात तेवढ्या वेळात जराही न हलता धरून ठेवतो. शेवटाकडे एकाच वळणावर सगळं सी मेजरमध्ये जातं, अर्धा सूर खाली. ते पेटीवर वाजवून बघाच. पियानोवादक उचिदाचं ध्वनिमुद्रण आधी ऐका. तिनं पहिल्या भागातली पुनरावृत्तीही घेतलीय.