मेटल बँडच्या लोगोत ‘ध’चा ‘घ’ वाचला जातोय, काय करू?

बेसवाला, जुळे सोलापूर:
आम्हा चौघांचा मेटल (जोरकस रॉक संगीताचा) बँड आहे, गाणी मराठीत. नाव गड्ड्याच्या यात्रेनंतर जाहीर करणार. तोवर एवढंच सांगतो, तीन अक्षरी आहे आणि ‘ध’ने सुरू होतं. लोगो मी काढला. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या लोगोत पहिला एम आणि शेवटचा ए यांची टोकं धारदार करून बाहेर ओढलीत (तो त्यांचा गायक जेम्स हेटफिल्डनेच काढलेला), तसं मी शिरोरेषेचं केलं. सलग, दोन्हीकडे भाल्यासारखी. फ्लेक्सच्या दुकानात दाखवला तर तिथल्या माणसाने ‘घ’ वाचला. घरी आईनेही ‘घ’च वाचला. शिरोरेषाच काढून टाकू का? शिवाय आमच्या गिटारिस्टला त्यात भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावही हवाय.

ग्राफवाले काका, पूर्व भाग:
पोरा, शिरोरेषा काढू नकोस, तोड. मी 31 वर्षं चादरी-टॉवेलांची डिझाइनं ग्राफवर काढली. जकार्ड म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणारा माग. त्याच्या ग्राफवर आडवी एक रांग म्हणजे एक कार्ड. चौकोन भरला की कार्डाला भोक, भोक असलं की धागा उचलला जातो. अर्धा चौकोन भरता येत नाही, म्हणून गोलाईला पायऱ्या पडतात आणि अक्षराची नाजूक जागा लगेच उघडी पडते.

एकदा लग्नाच्या ऑर्डरीत टॉवेलच्या काठावर नवरीचं नाव विणायचं होतं, तेही ‘ध’चं. ‘ध’च्या डोक्यावर मी एकच चौकोन मोकळा सोडला. ग्राफवर स्वच्छ दिसत होता. मागावर सूत फुललं आणि ती फट बुजली. 200 टॉवेल ‘घ’चे निघाले. त्या मुलीच्या वडिलांना ते दाखवताना माझे हात थरथरत होते. रात्रीच कार्डं पुन्हा पंच केली, या वेळी तीन चौकोन मोकळे.

‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, यांच्यातला फरक बराचसा त्या मोकळ्या जागेत आहे. तू ती बुजवलीस. बीटल्स या इंग्लंडच्या बँडच्या नावातला लांब टी पाहिला असशील. 1963 साली त्यांचा ड्रमर रिंगो याच्या ड्रमसाठी लंडनचे दुकानदार आयव्हर आर्बिटर यांनी तो तसा खाली ओढला, ‘बीट’ उठून दिसावं म्हणून. खाली ओढलं ते एकच अक्षर. तुमची खूण ती फट होऊ दे. भाला उजवीकडून येऊ दे, ‘ध’च्या दांड्यापाशी थांबव. डावीकडची गाठ उघडी ठेव, आणि चांगली रुंद ठेव.

काळा टीशर्ट:
काकांचं ऐक बे. मी टीशर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करते. जितके रंग तितक्या स्क्रीन, आणि बारीक रेघ कापडावर भरून जाते. किल्ल्याचे बुरूज खिशाएवढ्या लोगोत नुसते डाग दिसतील. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या लोगोतली जीभ बघ. त्यांचा गायक मिक जॅगरने कालीमातेचं चित्र दाखवलं आणि 1970 मध्ये लंडनच्या एका कला विद्यार्थ्याने त्यातून फक्त तोंड आणि जीभ उचलली. मानधन 50 पौंड. देवीचे हात, माळा, काहीच घेतलं नाही. म्हणून ती बिल्ल्यावरही ओळखू येते.

पाचगणीकर:
किल्ल्याला इतकं झिडकारू नका. क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पुढे लंडनला कला शिकला आणि बँडचं चिन्ह त्यानेच काढलं. चौघांच्या राशी त्यात आहेत: दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या दोन पऱ्या, वर फिनिक्स. गर्दी आहे, पण त्या चौघांची आहे. छोट्या जागी अक्षरं वापरा, मोठ्या पडद्यावर चित्र.

बेसवाला, जुळे सोलापूर:
काका, काल ग्राफ पेपर आणला. मधे तीन चौकोन सोडले तरी लांबून ‘घ’च वाटत होता, कारण माझी रेघच जाड आहे. पाच सोडले. आई भाकरी थापत होती, तिने तव्यापासूनच ‘ध’ वाचला. भाला आता उजवीकडेच आहे, आणि खरं सांगतो, आधीपेक्षा जास्त धारदार दिसतोय. किल्ला ड्रमच्या मागच्या पडद्यावर घ्यायचं ठरतंय, गिटारिस्टही त्याला तयार आहे. तिसऱ्या अक्षराला काना आहे. त्याचा दांडा खाली ओढला तर चालेल का, की एकच खूण पुरे?

ग्राफवाले काका, पूर्व भाग:
एकच. काना सरळ ठेव.