तुरेवाल्या बदकाचा तोल जातो: आजार, निगा आणि पैदास याबद्दल मार्गदर्शन हवे

प्रश्न: पाणकाठ

नमस्कार. माझ्याकडे साध्या डोक्याच्या बदकांबरोबर तुरेवाली बदकेही आहेत: एक नर, दोन माद्या आणि त्यांच्याच अंड्यांतून या हंगामात निघालेली पिल्ले. नर आणि दोन्ही माद्या, तिघांच्याही डोक्यावर भरघोस तुरा आहे. पिल्लांपैकी एका मादीला आता पूर्ण पिसे आली असून तिचे खाणे-पिणे व्यवस्थित चालू आहे आणि ती थव्याबरोबरच फिरते. मात्र ती अचानक दचकली किंवा वर पाहण्यासाठी तिने मान मागे टाकली, की तिचा तोल जाऊन ती पाठीवर पडते. पडल्यावर पाय हवेत मारत राहते आणि पुष्कळदा कोणीतरी उचलून उभे केल्याशिवाय तिला सावरता येत नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासूनच ती इतरांपेक्षा थोडी डगमगत चालत असे, पण वाढत्या वयाबरोबर हे जाईल असे वाटले होते.

याखेरीज तिच्या एका भावाचे पाय किंचित बाहेर वाकलेले आहेत आणि त्याचे घोट्याचे सांधे जाड दिसतात. त्याचा तोल मात्र जात नाही. पिल्लांना सुरुवातीपासून कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य दिले आहे. उबवणीच्या वेळी बरीच अंडी फलित असूनही त्यांतील काही पिल्ले कवचातच मेली.

मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या दोन्ही पिल्लांचा त्रास एकच आहे की वेगवेगळा? तोल जाणाऱ्या मादीची रोजची निगा कशी राखावी? आणि पुढच्या हंगामात याच जोड्यांची अंडी उबवावीत का? ही बदके मला फार प्रिय आहेत आणि माझ्या हौशीपायी एकाही पिल्लाला यातना होऊ नयेत, एवढीच इच्छा आहे.

उत्तर: जुना थवा

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या पुष्कळ गोष्टींचे मूळ त्यात आहे. तुरेवाल्या नराची आणि तुरेवाल्या मादीची जोडी लावू नये.

तुरा ज्या जनुकामुळे येतो ते प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले तरी तुरा उगवतो. परंतु दोघांकडूनही तेच जनुक आले, तर ते पिल्लू कवचातच मरते. त्याच्या कवटीची आणि मेंदूची घडणच पूर्ण होत नाही, आणि अशी न फुटलेली अंडी उघडून पाहिली तर काही पिल्लांचा मेंदू कवटीबाहेर आलेला दिसतो. हिशेब करायचा तर तुरेवाल्या जोडीच्या 100 फलित अंड्यांपैकी साधारण 25 पिल्ले याच कारणाने जातात, 50 तुरेवाली निघतात आणि 25 साध्या डोक्याची. उष्णता आणि आर्द्रता अगदी बिनचूक राखली तरी हे नुकसान टळत नाही, त्यामुळे कवचात मेलेल्या पिल्लांचा सगळा दोष आपल्या उबवणीकडे घेऊ नये. तुरेवाल्या पक्ष्याची जोडी साध्या डोक्याच्या पक्ष्याशी लावली, तर ढोबळमानाने निम्मी पिल्ले तुरेवाली होतात, निम्मी साधी, आणि दुहेरी जनुकाने मरणारे पिल्लू त्यांत असत नाही. म्हणजे तुरेवाल्या पिल्लांचे प्रमाण फारसे न घटता 25 मृत्यू वाचतात. अमेरिकेच्या प्रमाणित जातींमध्ये पांढऱ्या तुरेवाल्या बदकाची नोंद 1874 सालापासून आहे, म्हणजे ही जात जोपासून दीड शतक झाले, तरीही तुरा ‘पक्का’ करणे कोणालाच साधलेले नाही, आणि जनुकाचा स्वभाव पाहता ते साधणारही नाही.

दुसरे म्हणजे जगलेल्या पिल्लांचे. शेंडी बदकासारख्या जंगली पक्ष्याचा तुरा निव्वळ लांब पिसांचा असतो. पाळीव बदकाचा हा तुरा मात्र कातडीखालच्या मेदाच्या गादीवर उभा असतो, त्याखाली कवटीच्या हाडात अनेकदा भोक राहिलेले असते आणि पुष्कळ पक्ष्यांत कवटीच्या आतही मेदाची गाठ असते. ती गाठ मोठी असली, की तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांना जागा अपुरी पडते. आपल्या मादीचे वर्णन वाचून मला हीच शंका येते, कारण तिचा त्रास जन्मापासूनचा आहे आणि मान मागे गेली की वाढतो. तुरा लहान असला तर आतली गाठही लहानच असेल, असे मात्र मुळीच धरून चालू नये.

उत्तर: पशुवैद्यक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु न तपासता ‘तुऱ्यामुळेच’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण तुरेवाल्या बदकालाही इतर बदकांसारखे सगळे आजार होतात आणि त्यांतील काही उपचाराने बरे होणारे असतात.

भावाचा त्रास मला वेगळा वाटतो. वाकलेले पाय, जाड झालेले घोट्याचे सांधे आणि कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य हे तिन्ही एकत्र आले, की पहिला संशय नायसिनच्या, म्हणजेच ब-3 जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर जातो. बदकाच्या पिल्लाला त्याची गरज कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरीच जास्त असते. दर किलो खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम नायसिन असावे असे मानतात, आणि कोंबडीच्या खाद्यात ते पुष्कळदा याहून कमी असते. बदकांसाठी बनवलेले खाद्य मिळत असेल तर तेच द्यावे, अन्यथा खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळावे. वाढ सुरू असेपर्यंत सुधारणेला वाव असतो, परंतु हाड एकदा वाकडेच घट्ट झाले की फारसे काही हाती राहत नाही. त्यामुळे हे आजच सुरू करावे आणि मात्रा आपल्या डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्यावी. यीस्ट मादीलाही द्यायला हरकत नाही. त्याने तिचे पाय बळकट राहतील, मात्र मेंदूतील मेदाच्या गाठीवर त्याचा उपयोग होईल अशी आशा धरू नये.

मादीच्या बाबतीत महत्त्वाचा भेद असा की जन्मजात त्रास हळूहळू लक्षात येतो आणि पुष्कळसा आहे तसाच राहतो. पूर्वी धडधाकट असलेले बदक एकाएकी लुळे पडले, तर कारण दुसरे शोधावे लागते. साचलेल्या, कुजक्या पाण्यातून किंवा मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्या खाऊन बोट्युलिझमची विषबाधा होते. तीत आधी पाय जातात, मग मान इतकी ढिली पडते की डोके उचलवत नाही. शिशाचा तुकडा गिळला असेल तर अशक्तपणासोबत हिरवट विष्ठा आणि वजन घटणे दिसते. डोक्याला मार लागणे आणि कानातला संसर्ग हीदेखील तोल जाण्याची कारणे आहेत. तुरेवाल्या पक्ष्याच्या कवटीला भोक असू शकते, म्हणून डोक्याला लागलेला साधा धक्काही गंभीर मानावा आणि त्या दिवशीच दाखवावे.

आकडी आल्यास, म्हणजे पंख फडफडणे, मान मुरगळणे, शुद्ध हरपणे असे दिसल्यास, पक्ष्याला मऊ फडक्यावर, अंधाऱ्या आणि शांत जागी छातीवर टेकलेल्या स्थितीत ठेवावे, जवळचे पाण्याचे भांडे काढावे, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चोचीत पाणी किंवा औषध घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. झटका किती वेळ टिकला ते लिहून ठेवावे. त्या नोंदीवरून औषधाचा निर्णय घेणे डॉक्टरांना सोपे जाते.

उत्तर: चिखलवाट

रोजच्या निगेबद्दल लिहिते, कारण अशा बदकाचे आयुष्य सुखाचे होणे किंवा न होणे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते.

सर्वांत मोठा धोका पडण्यात नसून पाठीवर पडून राहण्यात आहे. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उताणे पडले की पोटातील अवयवांचा भार वायुकोशांवर, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांवर येतो, श्वास घेणे जड होते, त्यात घाबरून केलेली धडपड आणि वर ऊन असेल तर पक्षी दगावू शकतो. म्हणून ज्या मादीला स्वतःहून सावरता येत नाही, तिला कोणाचे लक्ष नसताना मोकळ्या अंगणात सोडू नये. तिच्यासाठी लहान, सावलीचा, सपाट कप्पा करावा, ज्यात खड्डे, पायऱ्या आणि उंबरठे नसतील. जमिनीवर भुशाचा किंवा पेंढ्याचा जाड थर असावा, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की ती सावरूच शकत नाही. थर ओला मात्र राहू देऊ नये. ओल्या, टणक जमिनीवर पायाच्या तळव्याला जखम होऊन आत गळू धरतो, आणि लंगडणारे बदक आणखी वेळा पडते.

तिला थव्यापासून पूर्ण तोडू नये. बदक एकटे पडले की खाणे टाकते. जाळीपलीकडे तिची भावंडे दिसत राहतील अशी रचना करावी आणि एखादी शांत स्वभावाची मादी तिच्याच कप्प्यात ठेवावी. नर तिच्याजवळ कधीही नसावा. जोडी जमवताना नर मादीच्या डोक्यामागची पिसे चोचीत घट्ट धरतो. तुरेवाल्या मादीच्या बाबतीत त्याची पकड नेमकी कवटीच्या कमकुवत जागेवर येते. निरोगी तुरेवाल्या माद्यांसाठीही एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात, नाहीतर तुऱ्याखालची कातडी सोलवटून निघते. रक्त दिसले की इतर बदके तिथेच टोचत राहतात, त्यामुळे जखमी पक्षी लगेच बाजूला घ्यावा.

खाद्याची आणि पाण्याची भांडी तिच्या छातीच्या उंचीला ठेवावीत, म्हणजे मान वर किंवा मागे न्यावी लागणार नाही. पाणी एवढे खोल हवे की चोच नाकपुड्यांसह आणि डोळ्यांपर्यंत बुडेल, कारण बदके डोळे आणि नाकपुड्या तशाच स्वच्छ ठेवतात. पोहण्याची हौस तिलाही असते, परंतु पाण्यात उलटली तर बुडेल, म्हणून उथळ टबात आणि हात जवळ ठेवूनच सोडावे. तुरा दर आठवड्याला बोटांनी विंचरून पाहावा. त्यात चिखल, खाद्य आणि उवा साठतात. पिसे डोळ्यांवर येत असतील तर टोके कातरावीत, कारण बाजूने काही दिसले नाही की ती अधिक दचकते. मात्र कोंब फुटत असलेल्या, रक्त भरलेल्या नव्या पिसांना कात्री लावू नये. उचलताना दोन्ही पंख अंगाशी धरून खालून आधार द्यावा, मान किंवा तुरा धरून कधीही उचलू नये.

आणि माझे स्पष्ट मत सांगते. साध्या डोक्याशी जोडी लावल्याने कवचातले मृत्यू टळतात हे खरे, पण निघणाऱ्या तुरेवाल्या पिल्लांच्या डोक्यातील मेदाची गाठ त्याने टळत नाही. केवळ दिसायला सुंदर म्हणून असे पक्षी जन्माला घालत राहावे का, याचा विचार आपण सर्वांनीच करायला हवा. असलेल्या बदकांना प्रेमाने सांभाळावे, नवीन पैदास थांबवावी, असे मला वाटते.

उत्तर: जुना थवा

चिखलवाट, आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पैदास थांबवणे हा प्रामाणिक पर्याय आहे, आणि निवड करण्याची तयारी ज्याची नसेल त्याने तोच घ्यावा. परंतु निवडीचा मार्गही आहे. जर्मनीत या बदकांच्या अभ्यासात एक साधी चाचणी वापरली गेली: पक्ष्याला हलकेच पाठीवर ठेवायचे आणि तो किती वेळात उलटून उभा राहतो ते पाहायचे. निरोगी बदक क्षणात उठते. ज्याला वेळ लागतो, त्याच्या मेंदूत त्रासदायक गाठ असण्याची शक्यता अधिक. अशा पक्ष्याला पैदाशीतून कायमचे वगळायचे, मग त्याचा तुरा कितीही देखणा असो. ही चाचणी मऊ थरावर, हात जवळ ठेवून आणि मोठ्या, निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांवरच करावी. पाणकाठ यांनी त्या मादीवर ती मुळीच करू नये, तिचे उत्तर आधीच मिळालेले आहे.

पाणकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. दोन्ही पिल्ले डॉक्टरांना दाखवून आणते, यीस्ट सुरू करते आणि मादीचा कप्पा आजच बदलते. दोन शंका उरल्या आहेत. तिचा त्रास वाढत गेला तर तिला जगवत ठेवणे योग्य आहे का, हे कशावरून ओळखावे? आणि पैदास केलीच, तर साध्या डोक्याचा नर याच पिल्लांमधला चालेल का?

उत्तर: पशुवैद्यक

पहिल्या शंकेबद्दल: तिचे वजन ठरावीक दिवशी करत राहावे आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ती स्वतः खाते-पिते का, पिसे साफ करते का, आणि इतरांसोबत राहण्याची ओढ दाखवते का? या तिन्ही टिकून असतील, तर दिवसातून कधीतरी पडणारे बदकही चांगले जगू शकते. वजन घटू लागले, पिसे मळकट राहू लागली, आकड्या एकामागून एक येऊ लागल्या, किंवा उभे केल्यावर ती लगेच पुन्हा पडू लागली, तर डॉक्टरांच्या हातून वेदनारहित मृत्यू देणे ही तिच्यावर दयाच ठरेल. तो निर्णय लांबवत ठेवू नये.

उत्तर: जुना थवा

नर याच पिल्लांमधला घेऊ नये, तो आपल्याच आई-बहिणींवर चढेल. नात्याबाहेरचा, साध्या डोक्याचा, निरोगी घराण्यातला नर आणावा. आताचा तुरेवाला नर वेगळा केल्यानंतरही त्याचे बीज मादीच्या शरीरात काही काळ टिकून राहते, त्यामुळे नवा नर आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांतली अंडी उबवायला न ठेवता खाण्यासाठी वापरावीत.