फ्रेंच प्रेसचं पाणी: उकळी फुटताच ओतायचं की थांबायचं?

टिळकवाडीकर:
परवा घरी फ्रेंच प्रेसमध्ये (काचेचं भांडं, वरून दांड्याची जाळी दाबून कॉफी गाळायची) कॉफी करत होतो. आधण आलं तसं पातेलं उचललं, तर पुण्याहून आलेल्या भाच्यानं हातच धरला. "मामा, उकळतं पाणी घालू नका, कॉफी जळते. अर्धा मिनिट थांबा." त्याच्या हिशेबानं पाणी ९२ ते ९६ अंश हवं. मला हे बेळगावात पटत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंश उतरतो, म्हणजे आपलं पाणी साडेसत्त्याण्णवलाच खळखळतं. भांड्यातून काचेत पडेपर्यंत आणखी उतरणार. मग थांबायचं कशाला? आणि जळते म्हणजे काय? बी भाजताना २०० अंशांच्या पुढे जाऊन आलेली असते, तिला पाणी काय जाळणार! माझं मत स्पष्ट आहे: खळाखळा उकळी आणि लगेच ओता.

खडेबाजारवाला:
जळत नाही, मान्य. कडू होते त्याचं काय? तुम्ही पावडर कसली आणता ते लिहिलंच नाही. आपल्याकडे दुकानात मिळते ती बहुतेक डिकाशनसाठी बारीक दळलेली, काळपट भाजलेली, वर चिकोरी (भाजलेल्या मुळांची पूड). गडद भाजलेली कॉफी पाण्यात चटकन उतरते, चिकोरी त्याहून चटकन. तिला कडकडीत पाणी घालून चार मिनिटं ठेवलं तर काढाच होणार. मी उकळी बसेपर्यंत थांबतो, भांड्याची सळसळ पूर्ण शांत झाली की ओततो. तुमचा नियम फिक्या भाजणीच्या चिक्कमगळूर अरेबिकाला ठीक, तिला कडक पाणी लागतंच. सगळ्यांना एकच माप लावू नका.

खानापूरची सून:
दोघेही पाण्याचंच बोलताय, काचेचं कुणी बोलत नाही. थंडीत सकाळी आमच्या स्वयंपाकघरात प्रेसचं भांडं हाताला गार लागतं. उकळतं पाणी त्यात पडलं की पहिली ऊब काच पिऊन टाकते. माझ्याकडे पाकासाठी आणलेलं थर्मामीटर आहे, म्हणून एकदा बघितलं: गार भांड्यात ओतल्यावर ८८, आधी गरम पाण्यानं विसळून घेतलेल्या भांड्यात ९४. उकळी तीच, पातेलं तेच. म्हणजे टिळकवाडीचे दादा न विसळता ओतत असतील तर त्यांचं पाणी आपोआपच 'थांबलेलं' आहे! खडेबाजारवाले गार काचेत ओतत असतील तर मात्र त्यांची कॉफी कोमट पाण्यातली समजा.

वडगावचा मागवाला:
कशाला एवढं डोस्कं फिरवालाय? छपरावर सोलर हाय. नळ सोडला की कडत पाणी, तेच गॅसवर ठेवतोय, मिनिटभरात उकळी. गॅस वाचतोय की.

खानापूरची सून:
अहो दादा, ते आंघोळीचं पाणी! टाकीत किती दिवस बसलेलं, नळीतला गंज-गाळ घेऊन येणारं. कॉफीत चव पाण्याचीच जास्त लागते. पिण्याचं ताजं घ्या आणि पातेल्यावर झाकण ठेवा, गॅस तिथंच वाचेल. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो आणि कॉफी बोथट लागते. विहिरीचं वापरलं की फरक कळतो.

वडगावचा मागवाला:
बरं, सोलरचं सोडलं. पण पातेल्यापेक्षा वीजकिटली बरी म्हणतो. दीड हजार वॅटच्या किटलीत अर्धा लिटर दोनेक मिनिटांत उकळतंय आणि स्वतःच बंद पडतंय. लाईट गेली तर गॅस हायच.

खडेबाजारवाला:
वहिनींचा आकडा चोख, पण त्यानं माझंच सिद्ध होतं. भांडं विसळा, मग उकळी बसू द्या, मग ओता. टिळकवाडीकरांना गार काचेनं वाचवलं, बाकी काही नाही. अजून एक: बारीक पावडर असेल तर दांडा जोर लावून दाबू नका. जाळी तुंबते, कडेनं गरम पाणी उसळून हातावर येतं. माझ्या हातावर अजून डाग आहे.

टिळकवाडीकर:
गार काचेनं वाचवलं म्हणे! चार मिनिटं भांडं निवतच राहणार, मग सुरुवात वरूनच करायला हवी ना? आज सकाळी भांडं विसळून, उकळीचंच पाणी ओतून बघितलं. थोडी कडू लागली, हे कबूल करतो. मग डबा उलटा करून वाचला. चिकोरी ४७ टक्के. हे पाण्याच्या माथी मारू नका. चिकोरी नसलेली पावडर जाडसर दळून आणतो, तेव्हा परत याच धाग्यावर भेटू. भाच्याला तोवर चहा.